पहाडगंजमधलं बेन टेनचं घड्याळ



आजची आपली वस्तू तुमच्या घरातही कुठल्यातरी ड्रॉवरच्या तळाशी पडलेली असेल. हिरव्या-काळ्या प्लास्टिकचं जाड घड्याळ. बटण दाबलं की भिंतीवर चित्र उमटतं. मुलं त्याला ‘बेन टेनचं घड्याळ’ म्हणतात. मालिकेत त्याचं नाव ऑम्निट्रिक्स. दहा वर्षांचा बेन त्याची तबकडी फिरवतो, वर एक थाप मारतो आणि परग्रहावरचा प्राणी होतो. ही मालिका अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर २००५च्या डिसेंबरअखेर पहिल्यांदा दिसली. पुढे बांदाई या मूळच्या जपानी कंपनीनं तिची अधिकृत खेळणी काढली. पण आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या मनगटावर चढलेलं घड्याळ जत्रेतलं, बसस्टँडबाहेरचं, हातगाडीवरचं.

मी ते दिल्लीत घेतलं, पहाडगंजमध्ये. एक नाही, दोन घेतली. का, ते पुढे सांगतो. त्याआधी एक प्रश्न समोर ठेवू या. अशा खेळण्यावर तीन नावं असू शकतात. ज्याला ती कल्पना सुचली त्याचं, ज्याच्याकडे तिचा कायदेशीर हक्क आहे त्याचं, आणि ज्यानं ती वस्तू प्रत्यक्ष घडवली त्याचं. यातलं कुठलं नाव टिकतं आणि कुठलं पुसलं जातं?

आपल्या नाटकवाल्यांकडे एक छान शब्द आहे, ‘प्रॉपर्टी’. भीमाची पुठ्ठ्याची गदा, राजाचा बेगडी मुकुट, पत्र, कंदील, तलवार, म्हणजे पात्रानं हातात धरायचं ते सगळं प्रॉपर्टी. खरं तर शब्दाचा अर्थ मालमत्ता. पण ती गदा घडवणाऱ्याची मालमत्ता कधीच नसते, आणि त्याचं नाव जाहिरातीतही नसतं. टीव्हीवरच्या विज्ञानकथांमध्येही नेमकं हेच झालं.

भविष्यातली हत्यारं मुलांना विकण्याचा धंदा टीव्हीच्याही आधीचा. बक रॉजर्स हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्री चित्रकथेचा नायक. त्याचं रॉकेट पिस्तूल डेझी या कंपनीनं १९३४ मध्ये बाजारात आणलं. किंमत ५० सेंट. मंदीचा काळ होता, तरी ते भरपूर खपलं.

मग टीव्ही आला. ब्रिटनमध्ये २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ सुरू झाली आणि महिन्याभरात तिच्यात डॅलेक नावाचे यंत्रासारखे खलनायक आले. ते लिहिले टेरी नेशन यांनी. पण त्यांचं रूप, म्हणजे खाली पसरट घेर, वर घुमट आणि पुढे नळीसारखा हात, हे बीबीसीचे पगारी डिझायनर रेमंड क्युसिक यांचं. पाहता पाहता डॅलेकच्या खेळण्यांनी ब्रिटनची दुकानं भरून गेली. लेखक नेशन यांचा करारानं हक्कात वाटा होता, ते श्रीमंत झाले. क्युसिक नोकरीत होते, त्यामुळे त्यांना हक्क नव्हता. बक्षीस म्हणून त्यांच्या हाती जेमतेम शंभर पौंडांच्या आसपास रक्कम पडली. मुलांनी विकत घेतला तो आकार मात्र क्युसिक यांचा होता.

अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींनी ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली असेल. कॅप्टन कर्क एक लहान डबी काढतो, झटक्यात झाकण उघडतो आणि अवकाशयानाशी बोलतो. ती डबी घडवली वाह मिंग चँग यांनी. जन्म होनोलुलूचा, आईवडील चिनी वंशाचे. तरुणपणी डिस्नेमध्ये त्यांनी चित्रपटांसाठी नमुने घडवले. पुढे पोलिओ झाला, तरी हात थांबले नाहीत. पण चँग स्टुडिओतल्या कामगार संघटनेचे सदस्य नव्हते. संघटनेनं हरकत घेतल्यावर स्टुडिओनं पळवाट काढली. चँग यांनी या वस्तू स्वतःच्या मनानं आधीच बनवल्या होत्या आणि आम्ही त्या फक्त विकत घेतल्या, असं दाखवलं गेलं. त्यामुळे श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं नाही. पुढे घडीचे मोबाइल फोन आले, तेव्हा कितीतरी जणांना ती डबी आठवली. चँग यांचं नाव मात्र फार थोड्यांना आठवलं.

आता एक गंमत लक्षात घ्या. पडद्यावरची ती डबी म्हणजे प्लास्टिक आणि थोडा धातू. तिच्यातून कुणाशी बोलता येत नव्हतं. ‘अस्सल’ वस्तूसुद्धा सोंगच होतं. ऑम्निट्रिक्सचं तर त्याहून पुढचं. ते नुसतं कागदावरचं चित्र, त्याची पडद्यामागेही वस्तू नव्हती. त्यामुळे हातगाडीवरच्या घड्याळाला आपण ‘नकली’ म्हणतो तेव्हा मला प्रश्न पडतो की ही नक्कल कशाची? हे घड्याळ पहिल्यांदा जड झालं, हाताला लागलं, ते खेळणं म्हणूनच. त्याच्याकडे संशयानं पाहायचं तर त्याचं कारण दुसरं हवं. ते कारण दिल्लीच्या बाजारात सापडतं.

पहाडगंज म्हणजे नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेला पसरलेली वस्ती. मोगलांच्या काळात शाहजहानाबादच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाज्याच्या पलीकडे ही धान्याची मोठी पेठ होती. फाळणीनंतर इथे निर्वासित आले. मुलतानी ढांडा हे इथल्या मोहल्ल्याचं नाव आजही ती आठवण सांगतं. सत्तरच्या दशकात युरोपातून जमिनीच्या वाटेनं येणारे हिप्पी मेन बाजारातल्या स्वस्त लॉजमध्ये उतरू लागले. आणि दिल्लीकर मराठी माणसाला पहाडगंज वेगळं सांगावं लागत नाही, कारण नूतन मराठी शाळा इथलीच. स्टेशनवर उतरलेला माणूस गावी काहीतरी घेऊन जाणार, हे ओळखून इथली दुकानं चालतात. खेळणी इथे बहुधा उत्तरेकडच्या सदर बाजारातून येतात. तिथल्या तेलीवाड्यात खेळण्यांचा घाऊक व्यापार चालतो. सायकलरिक्षानं तेवढं अंतर सहज कापता येतं.

या बाजाराचा चेहरा एका तारखेनं बदलला. १ एप्रिल २००१ रोजी भारतानं आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठवली आणि चिनी खेळण्यांचे कंटेनर येऊ लागले. ती स्वस्त होती, चकचकीत होती, आवाज करणारी होती. ज्या मुलानं टीव्हीवरचं हत्यार फक्त काचेपलीकडे पाहिलं होतं, त्याच्या हातात ते पहिल्यांदा आलं. हे मी चांगलंच मानतो. साबणाच्या खोक्याचा कम्युनिकेटर करून खेळणाऱ्या पिढीला त्याची किंमत कळेल.

पण या खेळण्यांवर घडवणाऱ्याचं नाव नव्हतं. जानेवारी २००९ मध्ये सरकारनं चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी घातली. मार्चमध्ये ती शिथिल झाली, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र असलेल्या मालाला वाट मिळाली. दहा वर्षांनी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं दिल्ली आणि आसपासच्या बाजारांतून १२१ नमुने उचलून तपासले. सुमारे ६७ टक्के नापास झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. आणि १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे. नाहीतर सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी फळांनाही कारखान्याचाच नियम लागला असता.

आता माझ्या दोन घड्याळांकडे येतो. पहिलं मेन बाजारातल्या हातगाडीवरून घेतलं, सव्वाशे रुपयांना. खोक्यावर बेनचं मोठं चित्र. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, देश नाही, चिन्ह नाही. दुसरं थोडं आत, एका दुकानातून घेतलं, अडीचशेला. त्यावर बेन नव्हता, कुठलातरी अनोळखी अवकाशवीर होता, पण आयएसआय चिन्ह होतं. लॉजच्या खोलीवर येऊन दोन्ही उलटी केली. दुसऱ्याच्या सेलच्या झाकणावर बारीक स्क्रू होता. पहिल्याचं झाकण नखानं निघालं आणि तीन चपटे बटणसेल तळहातावर पडले.

एवढ्यासाठीच दोन घेतली होती. बटणसेल मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर विजेच्या प्रवाहामुळे तिथली त्वचा भाजू लागते. दोन तासांतसुद्धा गंभीर इजा होऊ शकते. म्हणून विजेवर चालणाऱ्या खेळण्यांचं जे भारतीय मानक आहे, आयएस १५६४४, त्यात लहान सेलचं झाकण हत्याराशिवाय उघडू नये अशी अट आहे. तो बारीक स्क्रू म्हणजे ती अट. माझा भाचा सहा वर्षांचा आहे आणि त्याची धाकटी बहीण हाताला लागेल ते तोंडात घालते. सव्वाशेचं घड्याळ नागपूरला गेलं नाही.

आता सुरुवातीच्या तीन नावांकडे पाहा. हातगाडीवाला खोक्यावरचं नाव ओरडून सांगत होता, ‘बेन टेन, बेन टेन’. म्हणजे बाजाराला हक्कदाराचं नाव लागतं, मग परवानगी असो वा नसो. कल्पना सुचलेल्यांचं नाव कुणालाच नको असतं. बेन टेन डंकन रूलो, जो केसी, जो केली आणि स्टीव्हन सीगल या चौघांनी मिळून रचली, हे किती पालकांना माहीत असेल? आणि घडवणाऱ्याचं नाव दाबून टाकण्यात अनेकांची सोय असते. चँग आणि क्युसिक यांच्या बाबतीत त्याचा तोटा त्यांचा झाला. नाव नसलेल्या खेळण्यात मात्र तोटा खेळणाऱ्या मुलाचा होतो. सेल गिळला गेला तर दाद मागायची कुणाकडे? हातगाडी उद्या त्या जागी असेलच असं नाही.

आयएसआय चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक छापलेला असतो. आपण तो कधी वाचत नाही. पण ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो टाकला की कारखान्याचं नाव आणि पत्ता समोर येतो. मी दुसऱ्या घड्याळाचा टाकून पाहिला, परवाना चालू होता. हे चिन्ह घड्याळाची नक्कल हुबेहूब आहे का, किंवा नाव वापरायची परवानगी घेतली आहे का, याबद्दल काहीच सांगत नाही. खोटं चिन्ह छापणारेही असतात, म्हणून तर क्रमांक तपासायचा. पण हे कुणी घडवलं आणि जबाब कुणाला विचारायचा, एवढं त्यातून कळतं.

दिवाळी, वाढदिवस, गावची जत्रा, काहीही असो, स्वस्त खेळणं जरूर घ्या. मुलाला अवकाशवीर व्हायला अडीचशे रुपये पुरतात आणि ते पुरावेत. फक्त खोकं उलटं करून दोन गोष्टी बघा. झाकणावर स्क्रू आहे ना, आणि चिन्हाजवळ क्रमांक आहे ना. दोन्ही नसतील तर चित्र कितीही छान असो, परत ठेवा.

पुढच्या भागात भेटू.