तळटीप १४: खोडवा निकाल

१४. खोडवा निकाल : ‘खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, सर्वोच्च न्यायालय, १९९६. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) सिव्हिल हॉस्पिटलात एक बाई बाळंत झाली. तीनच दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप उतरेना, पोट दुखायचे थांबेना. पोट पुन्हा उघडले तेव्हा रक्त टिपायचा मॉप आत राहिलेला सापडला, भोवती पू झाला होता. २४ जुलैला ती गेली. दिवाणी न्यायालयाने कुटुंबाला ३६,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. या सगळ्यात बत्तीस वर्षे गेली, हे वाचताना आजही संताप येतो.

लेखकाचा रोख निकालातल्या एका भेदावर आहे. उपचार कोणता करावा याबद्दल दोन डॉक्टरांचे मत वेगळे असू शकते; तेवढ्याने हलगर्जीपणा ठरत नाही. पोटात मॉप राहणे हा मतभेदाचा विषयच नव्हे. तिथे निष्काळजीपणा घटनेवरूनच उघड होतो, आणि नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे कुटुंबाला दाखवता आले नाही तरी रुग्णालय चालवणारे सरकार जबाबदार राहते.