गांठीची लस आणि पांढरा उंदीर

घरांत उंदीर पडला कीं दाराला कुलूप घालावें आणि रानांत झोपडी बांधून राहावें, हा नगरकडील (आतांच्या अहिल्यानगरकडील) प्लेगच्या दिवसांतला रिवाज आम्हीं आमच्या आजीकडून ऐकला. तिच्या सासूनें लस टोंचून घेण्याचें साफ नाकारलें होतें. ‘ही सुई आंत जाऊन करते तरी काय?’ हा तिचा प्रश्न. डॉक्टरला एवढेंच सांगतां येई कीं तींत मारलेले जंतु आहेत.

या बाईस अडाणी म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं, कारण हें गूढ खुद्द लस करणारासही उकललें नव्हतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरल्यावर हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगचे जंतु वाढविले, ते उष्णतेनें मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांत परीक्षा झाली. न टोंचलेल्या १७२ कैद्यांपैकीं १२ आजारी पडले व ६ दगावले. टोंचलेल्या १४७ पैकीं दोघे आजारी पडले, मेला कोणीच नाहीं. पुढें १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें एका बाटलींतील लसीनें १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकिन यांजवर आलेला ठपका दूर व्हावयास १९०७ साल उजाडलें. लोकांची भीति अगदींच निराधार नव्हती!

आजेसासूबाईंच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें तें उंदराकडूनच. मात्र हा प्रयोगशाळेंतला लहान पांढरा उंदीर. १९६६ सालीं अमेरिकेंत क्लॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांची स्वतःची रोगप्रतिकारशक्ति क्ष-किरणांनीं नष्ट केली, आणि त्यांस मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोंचल्या. कांहींना थायमस ग्रंथीच्या पेशी दिल्या, कांहींना अस्थिमज्जेच्या. एकेकट्या पेशींनीं प्रतिद्रव्य जेमतेमच निघालें. दोन्ही एकत्र देतांच तें दोहोंच्या बेरजेहून कितीतरी अधिक निघालें. १९६८ त मेलबर्न येथें मिलर आणि मिचेल यांनीं उंदरांवरच दाखवून दिलें कीं प्रतिद्रव्य करणारी पेशी मज्जेंतली. थायमसची तिला केवळ साह्य करते. मज्जेंतल्या त्या पेशीस पुढें ‘बी’ पेशी हें नांव रूढ झालें. तें मात्र कोंबडीच्या एका पिशवीवरून आलें आहे. शास्त्राच्या नामकरणाचा हा विनोद आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

ही बी पेशी एरवीं निजलेली असते. अंगावरील ग्राहकाशीं नेमका जुळणारा परका पदार्थ भेटला, कीं ती तो गिळते आणि त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. थायमसच्या साहाय्यक पेशीनें ते तुकडे ओळखून दुसरी खूण दिली म्हणजे ती खरी जागी होते. मग तिच्या एकीच्या अनेक होतात; कांहीं प्रतिद्रव्य ओततात, कांहीं ओळख जपून मागें राहतात. एका खुणेवर सहसा काम भागत नाहीं. परक्याच्या ठायीं आपल्याच शरीरावर ही फौज उठूं नये, यासाठीं ही दुहेरी राखण आहे.

दंडांत टोंचलेल्या लसीच्या बाबतींत हा प्रकार मुख्यतः बगलेंतल्या लसिकाग्रंथींत घडतो. प्लेगची गांठ सुजून वर येई ती अशाच ग्रंथींत. आणि आजेसासूबाईंच्या पिढीनें त्या रोगास नांवच ‘गांठीचा ताप’ असें दिलें होतें.