टेकड्यांची राखण आणि नाबोथाचा मळा

निसर्गरक्षण हा शब्द आज सर्वांच्या मुखी आहे आणि ते इष्टच आहे. तथापि राखीव क्षेत्राची हद्द वाढते तेव्हा तिच्या आत कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी कुरण येते. या राखणीची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न आम्हा पुणेकरांच्या परिसरात सुमारे दीडशे वर्षे विचारला जात आहे.

१८७८ च्या वन कायद्याने इंग्रज सरकारने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ केली. पिढ्यान्‌पिढ्या जेथून जळण आणि चारा आणला, तेथे पाऊल टाकणे अपराध ठरू लागले. पुण्याच्या जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगर आणि गायराने वनखात्याने गिळल्यामुळे गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरली नाही, अशी तक्रार त्यांनी त्यात मांडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष वाढला, तेव्हा १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. झाडांचे वैर कोणालाच नव्हते. न विचारता ओढलेल्या रेषेविषयी तो राग होता.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले, पण रेषेचा प्रश्न राहिला. १९९७ मध्ये पुण्याभोवतीची गावे महापालिकेच्या हद्दीत आली. अखेर हद्दीत राहिलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात बाणेर, बावधन, वारजे, कात्रज आदी भागांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण सुचविले गेले. या टेकड्या पावसाचे पाणी मुरवतात, ओढ्यांना जीवन देतात. त्या गेल्या तर शहराचा श्वास कोंडेल, हे नागरिक संघटनांचे म्हणणे रास्त होते. आमच्या जमिनीवर सर्वांसाठी उद्यान होणार असेल तर मोबदला द्या, हे जमीनमालकांचे म्हणणेही गैर नव्हते. चार टक्के बांधकामास मुभा द्यावी की संपूर्ण बंदी असावी, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २०१५ मध्ये राज्य सरकारने सुमारे ९७६ हेक्टरांवरील आरक्षण मान्य केले. पुढे मोबदल्यापोटी आठ टक्के टीडीआर देण्याचे ठरले. तो अपुरा आहे, अशी मालकांची तक्रार राहिली.

याच जिल्ह्यात, शहरापासून दूर, भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. शेकरूचे ते माहेरघर. तेथील महादेव कोळी समाज हिरडा गोळा करून, डोंगरउतारावर शेती करून जगत आला आहे. वनाशी असलेल्या त्याच्या नात्याचा सातबारा कोठे मिळणार? शहरातील मालकाजवळ निदान कागद होता, वकील होता, नगरसेवकाकडे जाण्याची वाट होती. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने मान्य केले ते २००६ च्या वनहक्क कायद्यात.

गरीब माणूस निसर्गाचा शत्रू असतो, हा समजही तपासून घ्यावा. पुण्याचेच वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. कोणत्याही सरकारी कायद्याविना गावकऱ्यांनी त्या श्रद्धेने राखल्या होत्या. पुढे गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात, संरक्षणाचे निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून व्हावेत, अशी भूमिका मांडली.

पवित्र शास्त्रात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता, तोही भाजीचा बगीचा करण्यासाठी. हेतू वरवर किती निरुपद्रवी! पण वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला आणि खोट्या साक्षीने त्याचा जीव घेतला गेला. हिरवा बगीचासुद्धा अन्यायाच्या पायावर उभा राहू शकतो, हे एलिया संदेष्ट्याने राजाला ऐकवले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले, ते याच परंपरेतून.

म्हणून टेकड्या राखाव्यात की नाही, हा आमच्यापुढचा प्रश्न नाही. त्या राखल्याच पाहिजेत. बंगल्याची खिडकी हिरवी राहावी म्हणून दूरच्या पाड्यावरील चूल विझणार असेल, तर मात्र त्या राखणीला आम्ही परमेश्वराच्या सृष्टीची सेवा म्हणू शकत नाही. आपल्या धर्मग्रामांत वृक्षारोपण उत्साहाने होते. त्याच उत्साहाने, नवी हद्द आखली जाताना तिच्या आतील माणसाला कोणी विचारले काय, एवढे विचारण्याचे धैर्यही आपण बाळगू या. एदेन बागेची राखण परमेश्वराने माणसाकडेच सोपवली होती. माणसाला वगळून नव्हे.