सूरक्कोट्टैचा शिवाजी आणि ‘तेवर मगन’

तंजावरजवळच्या सूरक्कोट्टै गावात शिवाजी गणेशन यांची शेतीवाडी होती. ‘शिवाजी’ हे नाव त्यांना 1940च्या दशकात मिळाले. अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी छत्रपतींची भूमिका केली आणि पेरियारांनी ते बहाल केले. व्यंकोजीराजांच्या वंशाने 1855पर्यंत जिथे राज्य केले, त्या मुलखाशी नाते सांगणाऱ्या नटाला हे नाव द्रविड चळवळीने द्यावे, ही गंमतच.

1989मध्ये स्वतःचा पक्ष काढून ते तिरुवैयारूतून उभे राहिले आणि पडले. तीन वर्षांनी भरतनदिग्दर्शित ‘तेवर मगन’मध्ये ते ज्याच्या शब्दापुढे गाव जात नाही असे थोरले तेवर झाले.

कमल हासनच्या पटकथेवर कोपोलाच्या ‘गॉडफादर’ची (1972) छाया उघड आहे. दूरचे जग पाहून आलेला मुलगा बापाचा वारसा नाकारतो आणि अखेर त्याच्याच जागी बसतो. पण न्यूयॉर्कच्या टोळ्या अमली पदार्थांवरून भिडतात. इथे भाऊबंदकी आहे, कुलूपबंद देऊळ आहे, आणि स्फोटाने फोडलेला बंधारा. कथेतले गाव कावेरीकाठचे नाही, तरी पाण्याच्या पाळीवर जगणाऱ्या तंजावरच्या शेतकऱ्याला त्या बंधाऱ्याचे भय समजावून सांगावे लागत नाही. मायकेल कॉर्लिओनीच्या खोलीचे दार बायकोच्या तोंडावर बंद होते. शक्तिवेल खून करून तुरुंगात जातो. मला हा शेवट अधिक प्रामाणिक वाटतो. जातीचा अभिमान मिरवणाऱ्यांनी मात्र त्यातले स्तुतिगीतच तेवढे उचलले.