बऱ्या झालेल्या मुलांचे पुढे काय झाले?

सन १९४८. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमियाग्रस्त मुलांना थोडी उसंत मिळवून दिली. पण काही महिन्यांत रोग परतत असे. पुढे औषधे सुधारली, तरी तो मेंदूच्या आवरणांत दडून राही. तिथे बहुतेक औषधे पोहोचतच नसत.

मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६० च्या दशकात अनेक औषधांच्या जोडीला मुलांच्या डोक्यावर किरणोपचार केले. सुमारे निम्मी मुले बरी झाली! असाध्य मानलेल्या रोगात हे अभूतपूर्व होते.

किंमत नंतर कळली. कुणाची उंची खुंटली, कुणाला गणित आणि पाठांतर जड जाऊ लागले, काहींना तर अनेक वर्षांनी मेंदूत गाठ झाली. (हृदयाची हानी मात्र किरणांपेक्षा डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांची.) पिंकेल यांना दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे, असे परिणाम दिसण्यासाठी आधी मुले जगावी लागतात.

१९७० ते १९८६ दरम्यान कर्करोगाचे निदान होऊन वाचलेल्या मुलांचा व्यापक पाठपुरावा उत्तर अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाला. दरम्यान किरणांची मात्रा घटत गेली. २००० साली सेंट ज्यूडनेच ते पूर्णपणे वगळले आणि औषधे थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिली. पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक मुले हयात होती.