फिटची गोळी मूडसाठी का देतात?

मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं, की बऱ्याचदा पहिल्याच ओळीत ‘अपस्मारावरील औषध’ असं दिसतं. मग घरात चर्चा सुरू होते. ‘फिट तर कधी आलीच नाही, मग ही गोळी कशाला?’ आणि काही जण गोळी परस्पर बंद करून टाकतात. प्रत्यक्षात डॉक्टरांची चूक झालेली नसते. फिट थांबवणारी काही औषधं मनाचे टोकाचे चढउतारही आटोक्यात ठेवतात.

ही औषधं कोणाला देतात?

मुख्यतः बायपोलर आजारात. यात माणूस काही दिवस किंवा आठवडे उन्मादात असतो. झोप कमी होते तरी थकवा नसतो, बोलणं थांबत नाही, खर्चावर ताबा राहत नाही. नंतर कधीतरी तोच माणूस खोल नैराश्यात जातो. या दोन्ही टोकांना आवर घालणाऱ्या औषधांना ‘मूड स्टॅबिलायझर’ म्हणतात. त्यातलं सर्वात जुनं लिथियम. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरचा त्याचा परिणाम मांडला. पण लिथियम सगळ्यांना मानवत नाही आणि त्यासाठी रक्तातलं प्रमाण, मूत्रपिंड, थायरॉइड यांवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून इतर पर्यायांची गरज पडली.

फिटच्या औषधांचा हा गुण कसा कळला?

व्हॅल्प्रोइक ॲसिड १८८२ मध्ये तयार झालं. पुढे कित्येक वर्षं ते फक्त इतर रसायनं विरघळवायला वापरलं जायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे पिएर एमार इतर औषधं त्यात विरघळवून तपासत होते. सगळ्याच औषधांनी प्राण्यांमधली फिट थांबू लागली, तेव्हा लक्षात आलं की गुण औषधांचा नसून विरघळवणाऱ्या द्रवाचा आहे! याच कुळातल्या औषधाचा मूडवरचा उपयोग त्याच दशकात फ्रान्समध्ये दिसून आला. कार्बामॅझेपीनबाबत अशीच निरीक्षणं १९७० च्या दशकात जपानी डॉक्टरांनी नोंदवली. लॅमोट्रिजिनला बायपोलरसाठी अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली.

मेंदूत काय घडतं?

फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी एकाच वेळी बेसुमार विद्युत संदेश सोडू लागतात. ही औषधं पेशींमधली सोडियमची दारं आवरतात आणि हा भडिमार कमी करतात. मूड सावरण्यातही या शांत करण्याचा वाटा असावा, असं मानलं जातं.

तिन्ही गोळ्या सारख्याच का?

नाही. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामॅझेपीन उन्माद उतरवायला उपयोगी पडतात. लॅमोट्रिजिन सुरू असलेल्या उन्मादात फारसं कामाचं नाही. नैराश्य पुन्हा येऊ नये यासाठी ते जास्त वापरतात. आणि फिटचं प्रत्येक औषध मूडवर चालतंच असंही नाही. गॅबापेंटिन आणि टोपिरामेट उन्मादाच्या चाचण्यांत टिकले नाहीत.

कोणती काळजी घ्यायची?

लॅमोट्रिजिनचा डोस मुद्दाम हळू वाढवतात. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर याच्याही निम्मा. घाईने वाढवल्यास त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. गोळी पाच-सहा दिवस चुकली असेल तर जुना डोस परस्पर सुरू करू नये. बहुधा पुन्हा पहिल्यापासून चढावं लागतं.

व्हॅल्प्रोएटने वजन वाढणं, हात थरथरणं, केस गळणं होऊ शकतं. यकृत आणि प्लेटलेट तपासावे लागतात. सर्वात महत्त्वाचं म्हणजे गरोदरपणात ते घेतल्यास साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात दोष आढळतो आणि दहापैकी तीन ते चार मुलांच्या वाढीवर व शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना शक्यतो ते देत नाहीत. आधीच सुरू असेल तर मात्र अचानक न थांबवता आधी डॉक्टरांशी बोलावं.

कार्बामॅझेपीनने रक्तातलं सोडियम आणि पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ते कमी करतं. उलट, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनचा परिणाम कमी करतात. म्हणून घरात चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी.

बरं वाटल्यावर बंद करावी का?

बरं वाटतंय ते अनेकदा गोळीमुळेच. अचानक थांबवल्यास उन्माद किंवा नैराश्य परत येऊ शकतं, क्वचित फिटही येऊ शकते. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. आणि औषध सुरू असताना आत्महत्येचे विचार आले किंवा मनःस्थिती एकदम बिघडली, तर थांबू नये. लगेच डॉक्टरांशी किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलावं. ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.