जुनी जीप, टोचन आणि विश्वास : सेकंडहँड गाडीचा एक छोटा इतिहास



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त माणसाने जुन्या गाड्यांवर बोलावं, हे विषयपत्रिकेत वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. (हशा) चूक नाही. चाळीस वर्षं आम्ही वर्गात ‘आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असं केव्हा म्हणावं’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या नावांनी शिकवला. त्या प्रश्नाची खरी परीक्षा आमच्यापुरती वर्गात झाली नाही. ती वरंध घाटात, एका जुन्या जीपच्या मागच्या बाजूला झाली. ती हकिगत पुढे येईल. आधी इतिहास पाहू, कारण ती जीप इतिहासातूनच आमच्या दारात आली होती.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी, कुठेही जाणारी छोटी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा गेली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा, अशी अट होती. ती पाळायला तयार झाली फक्त बँटम नावाची, पेनसिल्व्हेनियातली, जवळजवळ बुडीत निघालेली कंपनी. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या हवाली झाली. पण बँटमचा कारखाना लहान. सैन्याने आराखडा विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांपुढे ठेवला आणि महायुद्धातल्या सहा लाखांहून अधिक जीपपैकी जवळपास सगळ्या त्या दोघांनी बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांच्या आतच आल्या.

मग बँटमने युद्धभर काय केलं? जीपच्या मागे जोडायचे छोटे दोनचाकी ट्रेलर बनवले. जिने जीप जन्माला घातली, तिच्या नशिबी जीपच्या मागून ओढली जाणारी गाडी आली. आजच्या विषयात ‘ओढणं’ आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ओढणं हे जीपच्या कामांपैकी एक होतं. पाव टनाचा ट्रेलर किंवा ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ ती मागे घेऊन जायची. युद्ध संपल्यावर विलीजने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली, तिलाही अवजारं ओढायची सोय ठेवली होती. आपल्याकडे या ओढण्याला गॅरेजमध्ये ‘टोचन’ म्हणतात. बहुधा ‘टो-चेन’चं ते रूप. त्यातली साखळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गाड्या आपल्याकडे आल्या त्या ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे. आसाम आणि लेडो रस्त्यावर अमेरिकी आणि ब्रिटिश फौजांकडे जीपच जीप होत्या. लढाई संपली आणि तंबू, बूट, डबे, जीप, सगळं विकायला निघालं. आपल्या वडिलांच्या पिढीत ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द घरोघर होता. पुढे १९५१ साली पुरवठा आणि विल्हेवाट यांचं एकत्र केंद्रीय महासंचालनालयही झालं. लिलाव, सीलबंद निविदा, ‘जसं आहे, जिथे आहे’ ही विक्रीची अट, ही आपल्या सेकंडहँड बाजाराची पहिली शाळा.

याच सुमारास मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. तारीख २ ऑक्टोबर १९४५. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीपचे सुटे भाग जहाजातून उतरवून माझगावात त्यांची जुळणी होऊ लागली. तिथून पुढची तीस-चाळीस वर्षं तहसीलदाराची जीप, साखर कारखान्याची जीप, निवडणुकीची जीप, आणि शेवटी लिलावात निघालेली जीप असा तिचा प्रवास आपण सगळ्यांनी पाहिला.

आता एक गोष्ट, जी इतिहासाच्या पुस्तकात ‘भ्रष्टाचार’ या प्रकरणात असते, पण आम्हाला ती आधी ‘ज्ञान’ या प्रकरणात घालावीशी वाटते. १९४८ साल, काश्मीरची लढाई चालू. सैन्याला जीप हव्यात, तातडीने. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. गाड्या नव्या नव्हत्या, दुरुस्त करून दिल्या जाणाऱ्या जुन्या होत्या. बरीचशी रक्कम आधी गेली आणि प्रत्यक्ष आल्या १५५ गाड्या. संसदेत वादळ झालं. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं, १९५६ मध्ये मेनन मंत्रिमंडळात आले, पुढे संरक्षणमंत्री झाले, आणि १९५७ व १९६२ मध्ये आपल्या उत्तर मुंबईतूनच लोकसभेवर निवडून गेले. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो जुन्या गाड्यांच्या खरेदीचा होता, याकडे आपलं लक्ष जात नाही. कोणी काय खाल्लं हा वाद बाजूला ठेवला, तरी एक धडा उरतो. घाई, आगाऊ पैसा आणि न पाहिलेली गाडी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की राज्यही फसतं. तिथे आपली काय कथा!

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने याच बाजारावर एक छोटा निबंध छापला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा साधा आहे. विकणाऱ्याला गाडी माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्याला देण्यापेक्षा ठेवलेली बरी. तो बाजारातून जातो. उरतात त्या वाईट गाड्या, सरासरी आणखी घसरते. म्हणजे अविश्वासामुळे एका माणसाचं नुकसान होतं एवढंच नाही, चांगला मालच बाजारातून निघून जातो. अकरलॉफनी याच निबंधात आपल्याकडच्या ग्रामीण सावकारीचं उदाहरण घेतलं आहे, कारण तिथेही कोण कर्ज फेडील हे सावकाराला माहीत आणि बाहेरच्याला नाही. आपला १९३० चा मालविक्री कायदा काही अपवाद सोडले तर घेणाऱ्यालाच सांगतो की, बाबा, तू बघून घे.

बघून घे, ठीक. पण बघायचं कसं? इथे आमचा धंदा कामाला येतो. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं सांगितली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. जुनी गाडी घेणारा माणूस ही चारही वापरतो, त्याला नावं माहीत नसली तरी.

प्रत्यक्ष म्हणजे डोळा आणि हात. गंज, तेलाची गळती, टायर एकाच कडेला झिजलेत का, पाटे बसलेत का. अनुमान म्हणजे खुणेवरून न दिसणारं ओळखणं. पर्वतावरचा धूर आणि अग्नी हे आमचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. गॅरेजवाला तेच सायलेन्सरपाशी करतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही, पांढरा राहून राहून येतोय म्हणजे पाणी आत जात असावं. पण नैयायिक लगेच विचारील, अनुमानाला काही उपाधी आहे का? थंडीच्या सकाळी पहिल्या मिनिटाला पांढरी वाफ निरोगी गाडीलाही येते. आणि मालकाने आपण यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं असेल, तर थंड इंजिनाचे दोष दिसणारच नाहीत. म्हणून बॉनेटला हात लावून ते गार आहे ना हे आधी पाहावं, मग चावी फिरवावी. उपमान म्हणजे तसलीच दुसरी गाडी चालवून मनाशी ताडून पाहणं. आणि शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं, शिवाय आर.सी. बुक. इंजिन आणि चेसिसचे नंबर पुस्तकाशी जुळतात का, कर्जाचा बोजा उतरला का, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आहेत का, खाजगी गाडीची पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालं का. आणि ट्रेलर जोडणार असाल तर ध्यानात ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे.

हे सगळं आम्हाला १९८७ मध्ये माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं.

आम्ही तेव्हा पुण्यात शिकवत होतो. चार सहकारी मिळून आम्ही एक जीप घेतली. एका सरकारी कार्यालयाच्या लिलावातून एका दलालाकडे आलेली, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली. विद्यार्थ्यांना घेऊन किल्ल्यांवर जायचं, मागे छोटा ट्रेलर, त्यात तंबू, भांडी, पाण्याचे दोन पिंप. ओझं हलकंच. आम्ही दोन रविवार गाडी तपासली. इंजिन ऐकलं, धूर पाहिला, बदललेल्या इंजिनाची नोंद पुस्तकात आहे याची खात्री केली. मेकॅनिकनेही ‘गाडी चांगली आहे सर’ म्हणून निर्वाळा दिला.

डिसेंबरात रायगडला निघालो. भोर सोडलं आणि वरंध घाट उतरू लागलो. ओढणाऱ्या गाडीची खरी कसोटी उतारावर लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. चढावर इंजिन दमतं, थांबून श्वास घेता येतो. उतारावर ट्रेलर मागून रेटतो, त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत, दोघांचा भार जीपच्या ब्रेकवर. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला हवं होतं, आम्ही तिसऱ्यात होतो. पिंप ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवलेले, त्यामुळे आकड्यावर वजन कमी आणि ट्रेलर शेपटीसारखा हलत होता. एका वळणावर मागे दणका बसला. कठड्याला लागून गाडी थांबवली. उतरून पाहतो तर चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवरून आकडा वेल्डिंगसकट निम्मा उखडला होता. ट्रेलर साखळीवर लटकलेला. ट्रेलरच्या मागे, वीस फुटांवर, मोटारसायकलवर आमचे दोन विद्यार्थी उभे होते. त्यांचे चेहरे आम्हाला आजही आठवतात.

आडवी पट्टी आतून गंजून गेली होती. कोणीतरी वरून पत्रा ठोकून, काळा रंग मारून ती झाकली होती. दलालाने फसवलं हे खरंच. पण चूक आमचीही होती, आणि ती आमच्या विषयातली होती. आम्ही ‘गाडी चांगली आहे का’ असं विचारत होतो. ‘कशासाठी चांगली’ हे विचारलंच नव्हतं. साधन चारही बरोबर होती, प्रश्न चुकला होता. ओढायची गाडी घ्यायची तर पाहणी मागून सुरू करायला हवी. आकडा, आडवी पट्टी, मागचे पाटे, ब्रेक, क्लच, आणि सगळ्यात शेवटी इंजिनाचा आवाज. ट्रेलरमधलं जड सामान धुरीच्या जरा पुढे, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा आकड्यावर येतो आणि ट्रेलर डोलत नाही. साखळी तर हवीच.

पट्टी बदलली, गाडी आणखी सहा वर्षं वापरली. १९९३ मध्ये विकायला काढली. नगर जिल्ह्यातला एक तरुण शेतकरी आला. त्याला पाण्याची टाकी ओढायची होती. त्याने बॉनेट उघडलंच नाही. बॅटरी घेतली आणि थेट मागून गाडीखाली शिरला. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “सर, या गाडीनं ट्रॉली ओढलीय ना?”

आम्ही हो म्हटलं आणि मग घाटापासून सगळं सांगितलं. त्याने दीड हजार कमी केले आणि गाडी नेली.

त्याने विचारलं नसतं तर आम्ही सांगितलं असतं का? तीस वर्षं झाली, आम्हाला अजून छातीठोकपणे ‘हो’ म्हणता येत नाही. त्या सकाळी आम्ही चौघांनी गाडी धुतली होती, मागची बाजू जरा जास्तच. नीतिशास्त्राचे तास घेणारी माणसं आम्ही! दलालाने काळा रंग मारला, आम्ही पाणी मारलं. अंतर होतं, पण आम्हाला वाटतं तेवढं मोठं नव्हतं.

म्हणून शेवटी एवढंच. इथे बसलेल्यांपैकी कोणी जुनी गाडी घेणार असेल, तर गार इंजिन, मागची पट्टी आणि साखळी पाहा. आणि कोणी विकणार असेल, तर समोरच्याने गाडीखाली शिरायच्या आधी आपणच काय ते सांगा. बाजारात चांगल्या गाड्या टिकायच्या असतील, तर सुरुवात माहिती असलेल्याकडूनच व्हावी लागते.